शोध घेणें आणि शोध लागणें

वैद्यकाच्या इतिहासांतील ज्या कथा वाचकांस विशेष प्रिय झाल्या आहेत, त्यांत इन्सुलिनच्या शोधाची कथा अग्रभागीं आहे. ती सामान्यतः अशी सांगितली जाते : धंद्यांत जम न बसलेला एक तरुण शल्यवैद्य, एके रात्रीं त्याला अवचित सुचलेली कल्पना, हाताशीं एक उमदा विद्यार्थी, थोडीं कुत्रीं आणि ऐन उन्हाळ्यांतली कोंदट खोली, वरिष्ठ प्राध्यापकाची उदासीनता, आणि अखेर मृत्यूच्या दारांतून परत फिरलेलीं मुलें. या कथेंत नायक आहे, विघ्न आहे, विजय आहे. मुलांसाठीं लिहिलेल्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांतून ती याच रूपानें वाचून आमच्यासारखे अनेक जण लहानाचे मोठे झाले. ती सर्वस्वीं खोटी आहे असें म्हणतां येत नाहीं. पण मायकेल ब्लिस यांचा 'द डिस्कव्हरी ऑफ इन्सुलिन' हा ग्रंथ वाचल्यावर ती खरी आहे असेंही म्हणवत नाहीं.

ब्लिस हे टोरोंटो विद्यापीठांत इतिहासाचे प्राध्यापक होते. २०१७ सालीं ते निवर्तले. त्यांचा हा ग्रंथ १९८२ सालचा. चाळीस वर्षांहून जुन्या ग्रंथाचें परीक्षण आज कां, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ग्रंथ जुना झाला तरी त्यानें खोडून काढलेली दंतकथा अद्याप म्हातारी झालेली नाहीं. व्याख्यानांतून व लेखांतून ती पूर्वींच्याच उमेदीनें सांगितली जाते. शिवाय हा विषय आतां आपल्या घरांतला आहे. ज्यांत मधुमेहाचा एकही रोगी नाहीं असा गोतावळा आपल्या मध्यम वर्गांत विरळाच सांपडेल. ज्या औषधाची कुपी आपण घरीं थंड जागीं जपून ठेवतों, तिच्या मागचा इतिहास आपल्याला यथार्थ माहीत असावा, ही अपेक्षा कांहीं अवाजवी नव्हे.

कथेची पूर्वपीठिका ब्लिस यांनीं विस्तारानें दिली आहे, आणि ती आवश्यकच होती. मधुमेह हा रोग पुरातन. आपल्या वैद्यकानें त्याला दिलेलें नांवच त्याचें लक्षण सांगतें. पण या रोगाचें मूळ शरीराच्या कोणत्या भागांत आहे, याचा उलगडा होण्यास १८८९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं स्ट्रासबर्ग येथें मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, आणि त्या कुत्र्यास मधुमेह जडला. स्वादुपिंडांत निराळ्या पेशींचीं लहान लहान बेटें असतात, हें लँगरहान्स यानें त्यापूर्वीं वीस वर्षें, १८६९ सालीं, पाहिलें होतें. तीं कशासाठीं आहेत हें मात्र त्याला ठाऊक नव्हतें. हीं दोन टोकें जुळवून, या बेटांतून रक्तांत एखादा अंतःस्राव मिसळत असावा व तो नसला म्हणजे शरीरास साखरेचा उपयोग करतां येत नसावा, असा तर्क विसाव्या शतकाच्या आरंभीं रूढ झाला. १९०९ सालीं द मेयर यानें 'बेट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्या न सांपडलेल्या द्रव्याचें नांवही ठेवून टाकलें. बारसें आधीं झालें, बाळ मागाहून आलें!

मधल्या काळांत बर्लिनचा त्सुल्त्सर, शिकागोचा स्कॉट, न्यूयॉर्कचा क्लायनर अशा अनेकांनीं स्वादुपिंडाचा अर्क करून पाहिला. कित्येकांच्या पदरीं थोडें यशही पडलें. पण कोणी अर्काच्या दुष्परिणामांना भ्यालें, कोणाला साधनें मिळालीं नाहींत, आणि प्रत्येक जण वाटेंतच थांबला. तोंवर डॉक्टरांपाशीं मुख्य उपाय उरला होता तो उपासमारीचा. अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन यांनीं घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणें मुलांना इतकें थोडें खाऊं घालीत, कीं तीं हाडांचे सांपळे होऊन, पण कांहीं काळ अधिक, जगत. हीं पानें वाचतांना मन विषण्ण होतें. परंतु तीं वगळलीं असतीं तर पुढच्या आनंदाचें माप वाचकास कळलें नसतें.

यानंतर बँटिंग रंगभूमीवर येतो. महायुद्धांत जखमी होऊन परतलेला हा शल्यवैद्य कॅनडांतील लंडन या गांवीं रोग्यांची वाट पाहत बसला होता. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्रीं, एका व्याख्यानाची तयारी चालली असतां वाचलेल्या लेखावरून त्याला एक युक्ति सुचली, व ती त्यानें चार ओळींत टिपून ठेवली. स्वादुपिंडाची नळी बांधून ठेवावी. म्हणजे पाचक रस निर्माण करणारा भाग झिजून जाईल, बेटें तेवढीं शिल्लक राहतील, आणि त्यांचा अर्क पाचक रसाच्या तडाख्यांतून वांचेल, अशी ती युक्ति. ती घेऊन तो टोरोंटोस प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेला. त्यांनीं त्याला जागा दिली, कुत्रीं दिलीं आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीस दिला. मे १९२१ मध्यें कामास आरंभ झाला, आणि ३० जुलै रोजीं मधुमेही केलेल्या एका कुत्र्याच्या रक्तांतील साखर अर्क टोंचतांच उतरली. दंतकथेचा कळस तो हाच. ब्लिस यांचें खरें काम येथून पुढें सुरू होतें.

त्यांनीं बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगवह्या दिवसवार लावून वाचल्या, आणि त्यांतून निघालेला पहिला निष्कर्ष वाचकास धक्का देणारा आहे. ज्या कल्पनेसाठीं बँटिंगचें नांव अमर झालें ती कल्पनाच चुकीची होती. स्वादुपिंडांतील पाचक द्रव्य ग्रंथींत असतांना निद्रिस्त असतें. आंतड्यांत उतरल्यावरच तें जागृत होतें. अर्थात् त्याच्यापासून बेटांना वांचविण्यासाठीं नळी बांधण्याची गरजच नव्हती. १९२१ संपण्यापूर्वींच या दोघांनीं गुरांचें ताजें व अखंड स्वादुपिंड घेऊन मद्यार्काच्या साहाय्यानें त्याचा अर्क काढला, आणि तोही तितकाच गुणकारी ठरला. म्हणजे ज्या वाटेनें जायचें म्हणून ते घरांतून निघाले, ती वाट त्यांनीं स्वतःच सोडून दिली. १९२२ च्या अखेरीस रॉबर्ट्स या इंग्रज शास्त्रज्ञानें हे दोष छापून दाखविले होते. पण तोंवर मुलें वांचूं लागलीं होतीं, आणि वांचलेल्या मुलांच्या पुढें तर्कशास्त्राकडे कोण पाहतो?

दुसरा निष्कर्ष कॉलिपविषयीं आहे. कॉलिप हा जीवरसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९२१ मध्यें तो या मंडळींत येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटोच्या रुग्णालयांत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास जो पहिला अर्क टोंचण्यांत आला, तो बँटिंग व बेस्ट यांनीं केलेला होता. साखर किंचित् उतरली, टोंचलेल्या जागीं गळूं झालें, आणि उपचार थांबवावा लागला. बारा दिवसांनीं, २३ जानेवारीस, पुन्हां टोंचण्यांत आला तो कॉलिपचा अर्क, आणि या वेळीं लघवींतील साखर जवळजवळ नाहींशी झाली. कॉलिपनें असें पाहिलें होतें कीं, मद्यार्काचें प्रमाण वाढवीत नेलें असतां अशुद्ध द्रव्यें आधीं खालीं बसतात व औषधी द्रव्य द्रवांत राहतें; तें प्रमाण आणखी थोडें वाढवलें म्हणजे औषधी द्रव्यही खालीं बसतें. त्या दोन मर्यादांच्या मधला अरुंद पट्टा त्यानें हुडकून काढला. दंतकथेंत या पट्ट्याला जागा नसते, कारण तो कोणाच्या स्वप्नांत आलेला नव्हता. तो कांचेच्या भांड्यांशीं रात्री जागवून सांपडला होता.

येथें आम्हांस आपल्या भाषेची एक सोय आठवते. मराठींत 'शोध' हा शब्द एकच असला तरी क्रियापदें दोन आहेत : शोध घेणें आणि शोध लागणें. पहिल्यांत माणसाची इच्छा, हट्ट व वणवण आहे. दुसऱ्यांत वस्तूनें आपण होऊन प्रकट व्हावें असा भाव आहे. बँटिंगनें शोध घेतला, आणि असा घेतला कीं त्याच्या हट्टावांचून टोरोंटोंत त्या उन्हाळ्यांत कांहींच घडलें नसतें. परंतु तो शोध लागला तो चौघांच्या हातांनीं, आणि सर्वांत निर्णायक हात कॉलिपचा होता. मॅक्लाउड यांनीं सप्टेंबरांत परतल्यावर प्रयोगांतील उणिवा दाखवून अधिक पुरावा मागितला, तेव्हां बँटिंगला तो अपमान वाटला. वस्तुतः तें शास्त्राच्या गुरूचें कर्तव्यच होतें. ब्लिस यांचा निवाडा सारांशरूपानें हाच आहे : बँटिंगनें बेस्टच्या साह्यानें आरंभ केला, मॅक्लाउड यांच्या देखरेखीखालीं काम वाढलें, आणि कॉलिपनें तें रोग्याच्या अंगांत घालण्याजोगें केलें. तो आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

चौघांच्या हातांनीं घडलेलें हें काम चौघांच्या सलोख्यानें मात्र घडलें नाहीं. १९२१ च्या डिसेंबरांत न्यू हेवन येथील सभेंत बँटिंग भाषण करतांना अडखळला व प्रश्नांचीं उत्तरें मॅक्लाउड यांनीं दिलीं. तेव्हांपासून आपलें काम हिरावलें जात आहे हा संशय बँटिंगच्या मनांत घर करून बसला. जानेवारींत कॉलिपनें आपली कृति सांगण्याचें नाकारलें, तेव्हां प्रकरण हातघाईवर आलें. त्यानंतर कांहीं आठवड्यांतच कॉलिपला स्वतःचीच कृति साधेनाशी झाली, आणि औषध हातांत येऊनही तें पुरेसें करतां येईना अशी विलक्षण आपत्ति ओढवली. १९२३ सालचें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाउड या दोघांस मिळालें, तेव्हां बँटिंग संतापला; आपला अर्धा भाग त्यानें बेस्टला देऊं केला आणि मॅक्लाउड यांनीं आपला अर्धा कॉलिपला दिला. हा वाटणीचा प्रसंग औदार्याचा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. ब्लिस यांचें कथन वाचल्यावर त्यांतील औदार्य जितकें दिसतें, तितकाच त्यांतील राग दिसतो.

असा मजकूर दुसऱ्या कोणा लेखकाच्या हातीं पडता तर त्याचा चविष्ट कलह झाला असता. ब्लिस यांचा संयम येथें वाखाणण्याजोगा आहे. बँटिंगचें स्वतःचें कथन, मॅक्लाउड यांनीं १९२२ सालीं लिहिलेलें व १९७८ पर्यंत छापलें न गेलेलें निवेदन, बेस्टनें उत्तरवयांत सांगितलेल्या आठवणी, हीं सर्व ते शेजारीं शेजारीं ठेवतात, आणि जेथें दोन साक्षी जुळत नाहींत तेथें प्रयोगवहीला तिसरी साक्ष काढावयास लावतात. बँटिंग १९४१ सालीं विमानाच्या अपघातांत गेला, बेस्ट १९७८ सालीं गेला. त्यानंतरच असें पुस्तक मोकळेपणानें लिहितां आलें, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्यानें सर्वांत कमी बोलावें त्याच्यावर इतिहासानें सर्वांत जास्त अन्याय करावा, हा नियम कॉलिप व मॅक्लाउड यांच्या बाबतींत पुरेपूर खरा ठरला होता. पॉल द क्रुइफ यांच्या १९३२ सालच्या 'मेन अगेन्स्ट डेथ' या पुस्तकांतील बँटिंगवरचें प्रकरण याच्या शेजारीं ठेवून पाहावें. तें वाचतांना रक्त सळसळतें यांत शंका नाहीं; ब्लिस वाचतांना मात्र विचार जागा होतो. पहिला अनुभव सुखाचा आहे, दुसरा उपयोगाचा.

इतकी प्रशंसा केल्यावर आमचे दोन आक्षेप नोंदविणें प्राप्त आहे. पहिला आक्षेप तात्त्विक आहे. बुखारेस्टचे प्राध्यापक पॉलेस्कू यांनीं स्वादुपिंडाच्या अर्कानें कुत्र्यांची रक्तशर्करा उतरल्याचें १९२१ सालींच, टोरोंटोच्या मंडळींचा पहिला निबंध छापला जाण्यापूर्वीं, प्रसिद्ध केलें होतें. बँटिंग व बेस्ट यांनीं त्या फ्रेंच निबंधाचा उल्लेख केला तो चुकीच्या अर्थानें. ब्लिस यांनीं ही चूक लपविलेली नाहीं. परंतु रोग्याच्या उपयोगी पडेल असें औषध टोरोंटोंतच झालें, म्हणून शोध टोरोंटोचा, अशी त्यांची कसोटी आहे. ही कसोटी व्यवहारतः ठीक आहे. पण ती एकदां स्वीकारली म्हणजे ती टोरोंटोच्या वेशीवर थांबवतां येत नाहीं. कुंडीभर औषध करणें आणि हजारों रोग्यांना पुरेल इतकें, एकसारख्या शक्तीचें औषध करणें, यांतही मोठें अंतर आहे. आणि तें अंतर १९२२ सालीं इंडियानापोलिसच्या इलाय लिली कंपनींतील वॉल्डन या रसायनज्ञानें तोडलें. उपयुक्तता हीच जर शोधाची खूण, तर वॉल्डनलाही चौघांच्या पंगतींत पाट मांडावा लागेल. ब्लिस यांनीं ही हकीकत दिली आहे. तिच्यापासून निघणारा निष्कर्ष मात्र त्यांनीं हवा तितका ताणून पाहिलेला नाहीं. पॉलेस्कू यांचे ज्यूद्वेष्टे लेख पुढें उजेडांत आले व २००३ सालीं पॅरिस येथें व्हावयाचा त्यांचा सत्कार रद्द झाला, ही गोष्ट निराळी. माणसाचा दुर्गुण त्याच्या प्रयोगाची तारीख बदलूं शकत नाहीं.

दुसरा आक्षेप रोग्यांविषयीं आहे. या ग्रंथांतील सर्वांत हृद्य व्यक्तिरेखा एलिझाबेथ ह्यूझ हिची आहे. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याची ही मुलगी ॲलन यांच्या उपचाराखालीं तीन वर्षें अर्धपोटीं राहून ऑगस्ट १९२२ मध्यें टोरोंटोस आली, तेव्हां पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचें वजन अवघें पंचेचाळीस पौंड होतें. तेथून तिनें आईला लिहिलेल्या पत्रांत पावाच्या एकेका तुकड्याचा जो आनंद भरला आहे, तो कोणत्याही गौरवपर व्याख्यानाहून बोलका आहे. ती १९८१ पर्यंत जगली, तोंवर तिनें सुमारें ४२ हजार वेळां सुई टोंचून घेतली, आणि आपला आजार मात्र ती जगापासून लपवीत राहिली. पण एलिझाबेथ ही मंत्र्याची मुलगी होती. औषध मुठीएवढें असतांना तें कोणाला मिळालें व कोण वाट पाहत गेलें, हा प्रश्न ब्लिस यांच्या ग्रंथांत डोकावतो. त्याच्याशीं ग्रंथकारानें अधिक काळ थांबावें असें राहून राहून वाटतें. पहिला रोगी लिओनार्ड सामान्य घरांतला होता. तो सत्ताविसाव्या वर्षीं, १९३५ सालीं, न्यूमोनियानें गेला. त्याच्या मागल्या तेरा वर्षांविषयीं आपणांस फार थोडें कळतें.

ही तक्रार आम्हीं केवळ करुणेपोटीं करीत नाहीं. दंतकथेचा खरा अपाय येथेंच आहे. तिच्यांत मुलें उठून बसतात आणि पडदा पडतो. जणूं रोग संपला. वस्तुतः इन्सुलिननें मधुमेह बरा केला नाहीं. एका प्राणघातक रोगाचें जन्मभराच्या व्रतांत रूपांतर केलें, व तें व्रत रोज, तोलून मापून, पाळावें लागतें. जो रोगी विजयाची कथा ऐकून आला आहे त्याला हें व्रत फसवणुकीसारखें वाटतें. जो खरी कथा जाणतो त्याला तें मिळालेल्या आयुष्याचें मोल वाटतें. तसेंच पेटंटाचें. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनीं १९२३ सालीं आपले हक्क एकेका डॉलरास विद्यापीठाच्या स्वाधीन केले, हें सांगतांना आपला कंठ दाटून येतो. आणि त्याच औषधाच्या किंमती अमेरिकेंत इतक्या चढल्या कीं लोकांच्या ओरडीनंतर २०२३ सालीं मोठ्या कंपन्यांना त्या उतरवाव्या लागल्या, हें सांगण्याचें आपण विसरतों. त्याग हा एका दिवसाचा असतो. औषध सर्वांच्या आवांक्यांत ठेवणें हें पिढ्यान् पिढ्यांचें काम आहे.

नायकावांचून मुलांना गोडी लागत नाहीं, म्हणून दंतकथा राहूं द्यावी, असें कांहीं सुज्ञ शिक्षक म्हणतील. आम्हांस तें पटत नाहीं. ब्लिस यांच्या बँटिंगमध्यें चुका आहेत, संताप आहे, असूया आहे, आणि तरीही तो लहान होत नाहीं. चुकीची कल्पना घेऊन निघालेला माणूस प्रामाणिकपणें मोजमाप करीत राहिला, चुकीची वाट सोडण्यास तयार झाला, आणि त्याला मिळालेले सहकारी त्याच्याहून त्या त्या विषयांत अधिक जाणते होते, म्हणून तो मुक्कामास पोंचला. प्रयोगशाळेंत शिरूं पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींस याहून धीर देणारी गोष्ट कोणती सांगावी? एका रात्रींत दिव्य कल्पना सुचण्याचें भाग्य थोड्यांचें. नीट मोजण्याचें व चूक कबूल करण्याचें काम कोणासही करतां येतें. हा ग्रंथ ज्यांनीं वाचला नसेल त्यांनीं तो अवश्य मिळवून वाचावा, आणि ज्यांच्या घरीं मधुमेहाचा रोगी आहे त्यांनीं तो रोग्यालाही वाचून दाखवावा.